फ्रेंच न बोलता फ्रेंच शिका: प्रौढांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्यांना खरोखरच फ्रेंच बोलायची आहे त्यांनी हे वाचू नये. त्यांच्यासाठी बाजारात पुष्कळ पुस्तकं आहेत. ही मार्गदर्शिका तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, ऑफिसात दहा माणसं हाताखाली असलेल्या, सोसायटीच्या सभेत पार्किंगवर अर्धा तास बोलू शकणाऱ्या आणि म्हणूनच 'माझ्याकडे एक मांजर आहे' हे वाक्य चारचौघांत तीनदा अडखळत म्हणायला तयार नसलेल्या सभ्य स्त्री-पुरुषांसाठी आहे. अशी माणसं हौसेनं क्लास लावतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की तिथे बोलायला लावतात. त्यातून कसं निभवायचं, ते पुढे दिलं आहे.

प्रवेश घेण्याआधी

आधी क्लासबद्दल बोलायला शिका. हे मराठीत करता येतं आणि फार समाधान देतं. पुण्यात असाल तर दोन घराणी आहेत: एक रानडे इन्स्टिट्यूटवाल्यांचं, दुसरं आल्याँस फ्रांसेझवाल्यांचं. आपलं घराणं ठरवा आणि दुसऱ्याबद्दल 'तिकडे ग्रामर चांगलं करून घेतात म्हणे' असं जरा दयेनं म्हणा. आल्याँसची स्थापना पॅरिसमध्ये 1883 साली झाली आणि सुरुवातीच्या मंडळींत लुई पाश्चर आणि ज्यूल व्हर्न होते, हेही पाठ असू द्या. व्हर्न तर भा. रा. भागवतांमुळे आपल्या घरचाच. या एका माहितीवर दोन लग्नं आणि एक बारसं सहज निघतं.

मग पातळ्या समजून घ्या. युरोप परिषदेनं 2001 साली भाषा येण्याचे सहा जिने बांधले: ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. क्लासेसनी प्रत्येक जिन्याला मधे आणखी पायऱ्या घातल्या, ए1.1, ए1.2 आणि क्वचित ए1.3 सुद्धा, म्हणजे फी भरायचे प्रसंग वाढतात आणि प्रगती झाल्यासारखंही वाटतं. ए1 चा फ्रेंच उच्चार साधारण 'आ अं' असा होतो. पहिले तीन महिने वर्गातून एवढाच आवाज येत असतो, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला अनुभव असावा. बी2 पर्यंत पोचायला सगळे मिळून 500 ते 600 तास धरतात. आठवड्याला चार तास या हिशेबानं किती वर्षं होतात ते काढू नका.

बॅच

बॅच कोणतीही घ्या, माणसं तीच भेटतात. अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेली एक मुलगी असते. तिला शंभरात सत्त्याण्णव मिळाले होते आणि आता 'बाँझूर'च्या पुढे काही आठवत नाही, पण आपण इथे चुकून पहिल्यापासून बसलो आहोत हा भाव चेहऱ्यावर कायम असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. ते सर्वांच्या आधी येतात, पुढच्या बाकावर बसतात आणि प्रत्येक फ्रेंच शब्दाचं मूळ संस्कृतात शोधून देतात. दर वर्षी एक तरी आजी असतात, ज्यांची नात मॉन्ट्रियलला आहे आणि आपल्याच घरात आजीला न कळणारं बोलते. आजींपासून सावध राहा. त्या चुकतात, हसतात आणि बोलत राहतात. सगळ्या वर्गाचा रिवाज बिघडवतात.

आणि असतात कॅनडावाले. हे निम्मे तरी असतात. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी 7 ही पातळी गाठली की जादा गुण मिळतात, आणि 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात. त्यामुळे पस्तिशीचा इंजिनियर अचानक मोलियेरच्या भाषेच्या प्रेमात पडतो. पहिल्याच तासाला तो विचारतो, 'सात कधीपर्यंत होईल?' त्याला कोणीतरी सांगायला हवं की डेल्फची परीक्षा त्या कामाला चालत नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच द्यावी लागते, आणि तिचा निकालही दोनच वर्षं टिकतो. हे सांगायचं काम तुम्ही घ्या. अशा चर्चेत वर्गाची पंधरा मिनिटं जातात आणि ती सगळी इंग्रजीत.

पहिला तास

शिक्षिका आत येतील आणि पहिल्या मिनिटापासून फ्रेंचच बोलतील. घाबरू नका, ही पद्धतच आहे. त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाव सांगतील, मग तुमच्याकडे हात करतील. इथे सुटका नाही. नाव सांगावंच लागेल आणि राहता कुठे तेही. 'झाबित आ कोथरूड' हे वाक्य म्हणजे कोथरूडच्या माणसाच्या फ्रेंच जीवनाची सुरुवात आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत कळसही. सदाशिव पेठेत राहणाऱ्यांना हेच वाक्य फार लांब पडतं. त्यांनी नुसतं 'पुणे' म्हणावं. मात्र पुणे रोमन लिपीत लिहिलं की फ्रेंच माणूस शेवटचा 'ए' गिळून ते 'प्यून' असं वाचतो. जाज्वल्य अभिमान असलेल्यांनी हा प्रसंग शिक्षिकेपुढे काढू नये. हिंजवडीतल्यांची स्थिती याहून वाईट आहे, कारण फ्रेंचमध्ये 'ह' उच्चारतच नाहीत.

दुसऱ्या तासापासून मात्र बचावाला वाव आहे. 'द पार द', म्हणजे दोघादोघांनी बोला, असं शिक्षिका म्हणाल्या की तुमच्याइतक्याच अबोल माणसाशी जोडी करा. शिक्षिका खोलीच्या पलीकडच्या टोकाला असेपर्यंत मराठीत बोलावं: ट्रॅफिक, पोरांच्या परीक्षा, या पुस्तकाची झेरॉक्स कुठे स्वस्त पडते. त्या चार पावलांवर आल्या की दोघांपैकी एकानं ठळकपणे 'ए तुआ?' म्हणावं, म्हणजे 'आणि तू?' प्रश्नाच्या अलीकडे बरंच बोलणं झालं असणार असा समज होतो. एवढ्या दोन शब्दांवर ए1.1 संपवलेली माणसं आहेत. पाणी प्यायची बाटली मोठी ठेवा. 'मी प्रसाधनगृहात जाऊ का?' हे वाक्य मात्र नीट पाठ करा. साऱ्या वर्गात तेच सर्वांत अस्खलित निघतं.

पुस्तकाबद्दल फार लिहीत नाही. त्यातली माणसं सदैव सुट्टीवर असतात, बाजारात चीज घेतात आणि अनोळखी लोकांना पोस्टाचा रस्ता विचारतात. बॅचमधल्या कट्टर शाकाहाऱ्यांना हॅमसाठी फ्रेंच शब्द तिसऱ्याच आठवड्यात पाठ होतो. डाळ मात्र तोवर धड्यात आलेली नसते.

व्याकरणाची ढाल

बोलणं टाळायचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग म्हणजे व्याकरणाची शंका. 'मॅडम, वन डाउट' म्हटलं की वर्ग थांबतो, काका वळून बघतात, शिक्षिकांचाही नाइलाज होतो. शंका लिंगाची असावी. टेबल स्त्रीलिंगी का? त्यात बाईपणा तो काय? हा प्रश्न मराठी माणसानं विचारावा यात एक मजा आहे. भिंत ती, दरवाजा तो आणि छत ते, हे आपण कोणालाही न विचारता मान्य केलं आहे. फ्रेंचांकडे निदान दोनच लिंगं आहेत. शिवाय दाढी आणि मिशी दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच. यावर कोणी शंका काढत नाही. शिक्षिका सांगतील की 'सिओं'वर संपणारी नामं बहुधा स्त्रीलिंगी आणि 'माँ'वर संपणारी बहुधा पुल्लिंगी असतात. ते लिहून घ्या, पण 'बहुधा' खाली रेघ मारा आणि अपवाद विचारत राहा. अपवादांनी आणखी दहा मिनिटं जातात.

ए1 च्या अखेरीस भूतकाळ येतो आणि इथे मला क्षणभर मार्गदर्शकाची गादी सोडून बोलायचं आहे. फ्रेंच भूतकाळात बहुतेक क्रियापदं 'आवुआर' या साहाय्यकाबरोबर जातात आणि जाणं, येणं, जन्मणं, मरणं, पडणं अशी काही थोडी 'एत्र'बरोबर. एत्रवाल्यांत बाई गेली तर क्रियापदाला बाईचा प्रत्यय लागतो. हे लक्षात ठेवायला वर्गात इंग्रजी आद्याक्षरांची 'डॉक्टर मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प' नावाची एक बाई उभी करतात आणि आपण मुकाट्यानं तिला वहीत उतरवून घेतो. अरे, पण 'तो गेला, ती गेली' हे आपण दीड वर्षाचे असल्यापासून करतो आहोत! आणि 'तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली', खाणारी तीच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आलं की आवुआरबरोबरचं रूप कर्माप्रमाणे बदलतं. यावर खुद्द फ्रेंच लोक लिहिताना चुकतात. इंग्रज बिचारा यात गोंधळणारच, त्याच्याकडे असलं काही नाही. आपल्याकडे कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शाळेत छडी दाखवून शिकवले गेले, आणि आता इंग्रजीच्या खिडकीतून फ्रेंचकडे बघत आपण 'किती अवघड आहे' म्हणतो. सगळं तंतोतंत जुळतं असं नाही. धावणं आणि झोपणं फ्रेंचांनी आवुआरकडे दिलं आहे, आपल्याकडे 'ती धावली, ती झोपली'. पण निम्मी वाट घरातूनच गेलेली आहे, एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं.

असो. गादीवर परत.

आकडे

ऐकण्याच्या सरावात आकडे येतात. 69 पर्यंत सगळं सुरळीत असतं. 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-विसा, आणि 97 म्हणजे चार-विसा-दहा-सात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 आणि 90 साठी सरळ शब्द आहेत, पण क्लासमध्ये तिकडचं कोणी शिकवत नाही. रेकॉर्डिंगमधली बाई फोन नंबर सांगते, दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी. 'सुआसांत' ऐकू आलं की सगळ्यांची पेन्सिल 60 लिहिते, तेवढ्यात ती 'दिसेत' म्हणते. खोडून 77 करेपर्यंत पुढच्या दोन जोड्या निघून गेलेल्या असतात. इथे वर्गात एकमुखानं निषेध नोंदवण्याची प्रथा आहे. निषेध नोंदवताना 'एकोणनव्वद' म्हणजे 79 की 89 हा प्रश्न शेजारच्याला विचारू नये. तो उत्तर देण्याआधी मनात इंग्रजीत मोजतो.

पुढच्या पातळ्या

इथवरच्या सूचना नीट पाळल्या तर तुम्ही ए2 मध्ये दाखल व्हाल. ए1.1 ला अठरा जण होते, ए1.2 ला अकरा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची शिफ्ट बदलली, 'स्कोअरिंग'वाली जर्मनकडे गेली. ए2.1 ला पाचच उरतात आणि कार्यालयातून फोन येतो की बॅच भरत नाही, थांबा किंवा रविवारी सकाळी आठला या. हा या मार्गातला सर्वांत मोठा धोका, आणि तो आपणच तयार केलेला असतो. अठरांमध्ये लपता येतं, पाचांमध्ये शिक्षिका दर तीन मिनिटांनी तुमच्यापर्यंत पोचतात. या पाचांत आजी असतातच. त्या एव्हाना नातीशी फोनवर भांडूही लागलेल्या असतात.

अशा वेळी पुष्कळ जण 'बेसिक पक्कं करतो' म्हणून पुन्हा ए1.1 ला नाव घालतात. हा मार्ग सन्मान्य आहे. नव्या बॅचमध्ये तुम्ही आपोआप हुशार ठरता.

परीक्षा

डेल्फ ए1 चे गुण शंभर: ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, प्रत्येकी पंचवीस. पन्नासला उत्तीर्ण. हे वाचून प्रत्येक सभ्य माणसाच्या मनात एकच बेत येतो की पहिल्या तिन्हींत भरपूर मिळवू आणि बोलण्यात शून्य घेऊ. परीक्षा काढणाऱ्यांनाही असली माणसं माहीत असावीत. प्रत्येक भागात किमान पाच गुण लागतात, नाहीतर एकूण कितीही असले तरी नापास. एकदा मिळालं की प्रमाणपत्र मात्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे बोलण्याची ही पाच-सात मिनिटं एकदाच काढायची आहेत असं समजा.

दहा मिनिटं तयारीला देतात. मग आत. परीक्षक आधी नाव-गाव विचारतात, ते तुम्हाला येतं. मग काही चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द, आणि त्यावरून तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचा. शेवटी दुकान. परीक्षक दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. टेबलावर वस्तूंची चित्रं आणि कागदी पैसे असू शकतात. ऑफिसात कोटींच्या निविदा मंजूर करणाऱ्या माणसाला इथे चित्रातले अर्धा किलो टोमॅटो कागदी नाण्यांनी विकत घ्यायचे असतात. घासाघीस करू नका, त्याचे गुण नाहीत. भाव विचारा, तो बहुधा सत्तरच्या पुढचा निघेल, तरी मान डोलवून नाणी पुढे करा. 'आणखी काही?' विचारलं तर 'नाँ, मेर्सी' म्हणा. चुकून 'वुई' म्हणालात तर आणखी एक वस्तू मागावी लागेल.

बाहेर बाकावर काका पुढच्या नंबरची वाट बघत बसलेले असतील. 'काय काय विचारलं?' म्हणतील. त्यांनी फ्रेंचमधून विचारलं तरच सांगा.