गाडी घरात, माणसं ओटीवर

वडखळ नाका मागे पडला तेव्हा एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तंबाखूत चुना मळायचा तिसरा प्रयत्न केला. आधीचे दोन महामार्गाने उधळून लावले होते. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला. त्या वर्षी बालवाडीत जाणारी पोरं आता मिशा फुटून मोटारसायकली चालवतात. याच रस्त्यावरच्या गडबला आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर नवा उद्योग काढला होता. जे पाहुणे मुद्दाम खाचखळगे शोधत येतात, त्यांना राहायला जागा द्यायची!

गडब वडखळच्या पुढे आणि नागोठण्याच्या अलीकडे. रेल्वेने यायचं तर कासूला उतरायचं. पश्चिमेला खारेपाट, म्हणजे सपाट शेतं, बांध आणि खाडी, पूर्वेला डोंगर. साडूंनी रस्त्याकडेला 'माउंटन बायकर्ससाठी निवास' अशी पाटी लावली होती. त्यातला 'बायकर्स' तेवढा गावाला कळला. पहिल्या आठवड्यात सहा मोटारसायकली चौकशीला आल्या आणि सर्व्हिसिंगचा दर विचारून गेल्या.

या सगळ्याचं मूळ जर्मनीत. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेची 'बेट उंड बाइक' नावाची योजना आहे. बेट म्हणजे खाट. सायकलवाला एकाच रात्रीसाठी आला तरी त्याला नाही म्हणायचं नाही, सायकलीला कुलूपबंद जागा, ओले कपडे वाळवायची सोय, दुरुस्तीची हत्यारं आणि सकाळी भरपेट न्याहारी, अशा तिच्या अटी. पुतण्याने त्या मोबाइलवर वाचून दाखवल्या आणि साडूंनी वहीत उतरून घेतल्या. एकच रात्र राहणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे वाचून साडूंच्या आई म्हणाल्या, यात योजना कसली? गडबला एका रात्रीसाठी आलेला पाहुणा चार दिवस राहतो, त्याचीच काहीतरी योजना काढा.

या आईंना सगळं गाव आये म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट.

मी पोचलो तो शिमग्याच्या आधीचा शनिवार होता, आणि त्याच दिवशी पहिले चार पाहुणे यायचे होते. माझी नेमणूक 'अनुभवी सल्लागार' म्हणून झाली होती, कारण शाळेत असताना मी भाड्याची सायकल चालवायचो. कुलूपबंद जागा म्हणून साडूंनी आतली खोली रिकामी केली होती. तांदळाच्या कणग्या पडवीत आल्या, पडवीतलं जातं ओटीवर आलं आणि आमच्या गाद्या जात्याच्या शेजारी पडल्या. खोलीच्या भिंतीत सायकली टांगायला आकडे ठोकले होते, पण पाऊण मीटर रुंदीची हँडलं एकमेकांत म्हशींच्या शिंगांसारखी अडकली. शेवटी दोन सायकली टांगल्या आणि दोन साडूंच्या पलंगावर टेकवल्या. एकेकीची किंमत ऐकून साडूंनी तिच्यावर चादरही घातली. आयेने दारातून पाहिलं.

"गारी घरान, आन मानसा वटीवर!"

कपडे वाळवायचा मामला मात्र पेटला. गच्चीवर पोह्यांचे पापड आणि मिरगुंडं होती. पेण तालुक्यात या दिवसांत गच्चीवर पापडाचा हक्क पहिला, माणसाचा नंतर. पाहुणे खारेपाटातल्या बांधांवरून चिखल माखून आले. त्यांच्या घट्ट चड्ड्या मिरगुंडांच्या शेजारी वाळणार म्हटल्यावर मेव्हणीने गच्चीच्या जिन्यात ठाण मांडलं. त्या चड्ड्यांना बसायच्या जागी गादी शिवलेली असते, त्यामुळे त्या वाळतही नाहीत लवकर. त्या शेवटी गोठ्यात गेल्या. सायकली धुवायला अंगणात बांधलेल्या ओट्यावर आणि पाइपवर तोवर शेजाऱ्यांच्या म्हशीने ताबा मिळवला होता.

रात्री जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. एका पाहुण्याने सुरुवातीला आपण फक्त ओट्स घेतो असं सांगितलं. त्याने किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी मोजलं, पण पाहुण्याचं खाणं लिहू नये.

रविवारी त्यांना गागोद्याला जायचं होतं. विनोबांचं जन्मगाव (1895), याच तालुक्यातलं. भूदानासाठी 1951 पासून वर्षानुवर्षं देश पायी तुडवणारा माणूस ज्या गावात जन्मला, तिथे शॉक ॲब्सॉर्बर लावून जायचं म्हणजे जरा संकोचच. पण तो मलाच वाटत होता. पहिला गडी सायकलवर बसला, अंगणाच्या उतारावर निघाला, त्याने ब्रेक दाबला आणि सायकल तशीच जाऊन पेंढ्याच्या उडवीत शिरली. बाहेर नुसतं मागचं चाक फिरत होतं.

झालं होतं असं की, आदल्या संध्याकाळी सायकली चीं चीं करताना आयेच्या तिखट कानांनी ऐकल्या होत्या. पाहुण्याची गाडी किरकिरते म्हणजे घराची अब्रू. शिवणयंत्राची बाटली घेऊन तिने पहाटे चारही सायकलींना तेल घातलं. साखळी काळी आणि मळकट, म्हणून तिला शिवली नाही. चकचकीत चकत्या दिसल्या, त्यांना दोन्ही बाजूंनी मनापासून चोळलं. त्या ब्रेकच्या चकत्या. ब्रेकचे पॅड तेल पितात आणि मग धरायचं काम सोडतात.

गागोदं दुपारवर गेलं. चकत्या पुसायला प्रथमोपचार पेटीतलं स्पिरिट निघालं. पॅडचा तेल प्यालेला थर घासायला पॉलिश पेपर हवा होता. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात रविवारी सकाळी तो मिळाला नसता. इथे ओळखीच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात गणपती घासायला तो गठ्ठ्याने पडलेला. भाद्रपद सहा महिने लांब, पण मांडणीवर बिनरंगाचे गणपती रांगेत बसलेले. मूर्तिकाराने अंगठ्याच्या नखाएवढा कागद सायकलच्या पॅडवर इतक्या हळुवारपणे फिरवला, की पाहुणे गप्प उभे राहून बघत होते. सोळा पॅड झाले. पैसे घेतले नाहीत, पण सायकलवरून कारखान्याला एक फेरी मारून घेतली.

निघताना पाहुण्यांनी पैसे ठेवले आणि आयेने त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांत मिरगुंडांची एकेक पुडी घातली. तेलाबद्दल ती काही बोलली नाही. मंगळवारी त्यांचा फोन आला: सायकली ठणठणीत, ब्रेक उत्तम, पुढच्या महिन्यात सहा जण येतो, फक्त मिरगुंडांचा चुरा झाला.

साडूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. आये सूप पाखडायची थांबली.

"लाखाची गारी," ती म्हणाली, "आन मिरगुंडा मोरली?"