सहभागाचा भाव, चौरस फुटामागे

नागरिकांनी आपल्या वस्तीच्या कायापालटात उत्साहाने भाग घ्यावा यासाठी काय करावं, या प्रश्नावर जगभरचे नगररचनाकार डोकं खाजवत असतात. कार्यशाळा घेतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, शाळकरी मुलांकडून नकाशे रंगवून घेतात. महाराष्ट्र शासनाने एवढी यातायात केली नाही. पोरं नापास होत असतील तर पास होण्याची रेषाच खाली ओढावी, हा आपल्याकडचा जुना उपाय. तोच पुनर्विकासाला लावला. झोपडपट्टी पुनर्वसनाला पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींचंही तेच, ७० वरून ५१. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २००९ च्या निर्देशांत तीन चतुर्थांशांची अट होती. २०१९ च्या निर्देशांत तिथेही ५१ चा आकडा आला. धारावीत तर प्रकल्प सरकारचाच असल्यामुळे संमतीची अटच गाळली, आणि लोकसहभागाचा प्रश्न तिथे मुळापासून निकालात निघाला.

२००९ च्या त्या निर्देशांत एक बहारदार तरतूद होती. पुनर्विकासाच्या विशेष सभेला गणसंख्या भरली नाही तर आठ दिवसांनी पुन्हा सभा बोलवायची. तेव्हाही भरली नाही तर सभासदांना पुनर्विकासात रस नाही असं समजायचं आणि वर्षभर विषय काढायचा नाही. गळकी गच्ची आणि सुटलेलं प्लॅस्टर यांना हे वर्ष कसं मोजायचं ते कुणी कळवलं नव्हतं.

अर्थात, गणसंख्या भरत नाही ती इतर सभांना. सोसायटीच्या वार्षिक सभेला सेक्रेटरी, खजिनदार आणि पार्किंगवरून भांडायला आलेले दोघे एवढीच मंडळी असतात. मग अर्ध्या तासाने, त्याच जागी, त्याच विषयपत्रिकेवर तहकूब सभा भरते. तिला गणसंख्या लागत नाही, म्हणून तीच खरी सभा. पण फलकावर पुनर्विकासाची नोटीस लागू द्या! जन्मात कधी इतिवृत्त न वाचलेले सभासद ओळीओळीला हरकत घेऊ लागतात. न्यू जर्सीतला मुलगा मध्यरात्र उलटून गेली तरी व्हिडिओ कॉलवर जागा असतो. कार्पेट किती, फंजिबल चटईक्षेत्र धरून की सोडून, कॉर्पस निधी एकरकमी की टप्प्याटप्प्याने, शिफ्टिंगचे वेगळे ना? बिल्डर निवडण्याच्या सभेचं चित्रीकरण कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे पहिल्या मजल्यावरचे आजोबाही इस्त्रीचा सदरा घालून येतात.

यावरून कुणी म्हणेल, माणूस चौरस फुटांचा भुकेला, आकडा वाढवा म्हणजे सह्या आपोआप येतील. सरकारचाही असाच समज होता. बीडीडी चाळींनी तो मोडून काढला.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या या १९५ इमारती, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. मोबदला ५०० चौरस फुटांचा, स्वतःच्या मालकीचा, फुकट. तिपटीहून जास्त! एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर थाटात भूमिपूजन झालं. आता रहिवासी गुलाल उधळत सर्वेक्षणाला सामोरे जातील अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर विरोध सुरू झाला. आधी करार करा, मग पात्रता ठरवा. कॉर्पस किती ते सांगा. संक्रमण शिबिरातून परत आणण्याची हमी लेखी द्या. अधिकाऱ्यांना हा कृतघ्नपणा वाटला असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच जांबोरी मैदानावर वरळीच्या कामाचा पुन्हा एकदा शुभारंभ झाला, या वेळी दुसऱ्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. दोन सरकारांचे दोन नारळ फुटले तरी चाळ उभीच, असं दृश्य ज्याने पाहिलं तो रहिवासी सही करताना पेन जरा सावकाशच उघडणार.

शिवाय त्याला गोरेगावची पत्रा चाळ ठाऊक असते. २००८ साली करार झाला, ६७२ कुटुंबांनी घरं रिकामी केली. पुढे भाडं बंद झालं, इमारती अर्धवट राहिल्या आणि २०१८ मध्ये म्हाडाने विकासकालाच प्रकल्पातून काढलं. तोवर दहा वर्षं गेली होती. या कुटुंबांचा सहभाग एकावन्न टक्के नव्हता, शंभर टक्के होता. ती सामानासकट सहभागी झाली होती. आणखी एक गंमत म्हणजे, नव्या टॉवरमध्ये फ्लॅट विकत घेणाऱ्या परक्या माणसाला २०१६ च्या रेरा कायद्याचं कवच मिळतं. ज्याची चाळ पाडून तो टॉवर उभा राहतो, त्या जुन्या रहिवाशाच्या पुनर्वसनाच्या घराला मात्र ते लागू होत नाही. त्याने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा असते.

विश्वास वाढतो तो फारच रुक्ष गोष्टींनी. विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यावेत, असा नियम झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने केला. जनजागृतीच्या पथनाट्यांपेक्षा त्या चेकांनी जास्त जागृती केली असणार. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. शेजाऱ्याच्या हातात चावी दिसणं हे जगातल्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा सरस, फक्त ते माहितीपत्रक छापायला आठ वर्षं लागली. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारती आणि ३,२०० कुटुंबं यांचा डाव दाऊदी बोहरा समाजाच्या ट्रस्टने २००९ पासून मांडला. तिथे विकासक धर्मगुरूंच्याच प्रेरणेतून उभा राहिलेला होता. प्रत्येक सोसायटीला विश्वासाची अशी सोय कुठून मिळणार?

स्वतःच बिल्डर व्हावं हा त्यावरचा मराठी तोडगा. स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णय सप्टेंबर २०१९ मध्ये निघाला, जादा चटईक्षेत्रही मिळालं. बिल्डरचा नफा आपल्यात वाटून घेण्याची कल्पना सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होते. सिमेंटच्या गोण्या मोजायला उन्हात कोण उभं राहणार, हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो.

गेटच्या आत हे असं. गेटबाहेर चौरस फूट मिळत नाहीत. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करायला घेतला. महापालिकेने त्यातून १९९७ मध्ये प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना काढली आणि ती गल्लोगल्ली पसरली. पुण्याने २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवायला सांगितली. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पाच लाखांत वस्तीचं पुनरुज्जीवन काय होणार? बाकडी होतात, पेव्हर ब्लॉक होतात. आणि नागरिकाने सुचवलेल्या बाकड्याची पाठ बघावी तर ते कुणा माननीयांच्या संकल्पनेतून साकारलेलं असतं. पुढच्या वर्षी तो नागरिक अर्ज भरायला जात नाही. अधिकारी नोंद करतात: प्रतिसाद अल्प.

कायदाही आहे. महापालिका कायद्यातल्या २००९ च्या दुरुस्तीने प्रभागात मतदारांच्या क्षेत्रसभा घेण्याची आणि त्या न घेणाऱ्या नगरसेवकाचं पद जाण्याची सोय केली. क्षेत्रसभा म्हणजे काय, हे मतदारांना विचारून पाहावं. मुंबईत तर मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, त्यामुळे जायला पदही उरलं नव्हतं.

तरीही मुंबईकर सरसावून सहभागी झाल्याचा एक दाखला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात उभ्या इमारतींमधून रस्ते गेले होते, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळं नकाशातून गायब झाली होती. कार्यशाळा नको, पथनाट्य नको. आपल्या दिवाणखान्यातून साठ फुटी रस्ता जातोय म्हटल्यावर माणूस रजा टाकून वॉर्ड ऑफिसात हजर. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. ज्या शहराची पाहणी पगारी तज्ज्ञांनी केली होती ते कुठे कसं आहे, हे लोकांनी विनामूल्य लिहून दिलं. दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, मुख्यमंत्र्यांनी मसुदा रद्द करून नवा करायला सांगितला. हरकत लिहिली आणि नकाशा बदलला, हे मुंबईकराला बहुधा प्रथमच दिसलं असेल. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, तेव्हा पुन्हा हरकतींचे गठ्ठे घेऊन लोक रांगेत उभे होते.