नॉब सोडू नका

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मोठ्या साहेबाची बदली झाली की त्याचा पहिला लाभ आमच्या करमाडला होतो. साहेब पुण्याला जातो नाहीतर थेट परदेशी. ज्या वस्तूंचं काय करायचं हे त्याच्या मेमसाहेबांनाही सुचत नाही, त्या टेम्पोत चढतात आणि जालना रोडने पूर्वेला निघतात. गावात असं आलेलं एक पळायचं यंत्र आहे, त्यावर पापड वाळतात. माशांची एक काचेची टाकी आहे, तिच्यात कोंबडीची पिल्लं असतात. आमच्या वाट्याला गॅसचा ओव्हन आला. वर चार बर्नर, खाली काचेच्या दाराचा कप्पा, आणि त्या कप्प्यात मेमसाहेबांनी शेवटचं काय भाजलं त्याचा करपलेला पुरावा.

तो घ्यायचं कारण नानकटाई. दिवाळीआधी पीठ मळून डबा मुकुंदवाडीच्या बेकरीत न्यायचा, पत्रे रिकामे होईपर्यंत बाकावर बसायचं, आणि आपली साजूक तुपातली नानकटाई शेजारणीच्या डालड्यातल्या नानकटाईत मिसळू नये म्हणून उभं राहून पहारा करायचा, हे व्रत आमच्या सौभाग्यवतींनी लग्नापासून पाळलं. तरी घरी येऊन पहिला घास घेतला की दरवर्षी त्या म्हणायच्याच, “ही आपली नव्हे.” एखाद्या बाईचा पदार्थ दरवर्षी बदलून येत असेल, तर नवऱ्याने काहीतरी केलं पाहिजे. मी ओव्हन घेतला.

ओव्हन बिघडलेला होता असं म्हणवत नाही. नॉब दाबून फिरवला आणि काडी लावली की आत निळ्या ज्योतींची छान रांग उभी राहायची. फक्त नॉब सोडला की फुस्स. पुन्हा दाबा, रांग हजर. सोडा, फुस्स. साहेबांना फोन लावला, तर ते विमानतळावर होते. म्हणाले, “थोडा वेळ दाबून धरावा लागतो.” थोडा म्हणजे किती, ते विचारेपर्यंत विमान सुटलं.

पहिला घाणा आम्ही नॉब दाबूनच भाजला. दहा मिनिटं मी, मग मुलगी, मग मी. अंगठा पांढरा पडला की माणूस बदलायचा. सौभाग्यवती दारातून कणखर आवाजात म्हणत होत्या, “सोडू नका हं.” मधेच शेजारचे अण्णा आद्रकीचा भाव सांगायला आले. त्यांनाही आम्ही चहाआधी नॉबवर बसवलं. नानकटाई उत्तम झाली, पण दिवाळीचा अख्खा फराळ या पद्धतीने करायचं तर गावातून मजूर लावावे लागले असते.

मग दुरुस्ती काढली. करमाडला ओसरीवर पान्हा घेऊन बसलं की समिती आपोआप जमते. शेगडी प्रत्येकाच्या घरी असल्यामुळे गॅसचा तज्ज्ञही प्रत्येक घरी असतो. एकाने रेग्युलेटर बदलायला सांगितला. दुसऱ्याने कॉकमध्ये ग्रीस भरायला सांगितलं. तिसऱ्याने तर खिशातून सुईच काढली आणि जेट टोकरायला पुढे सरसावला. त्याला मी हाताला धरून मागे बसवलं. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. पितळ मऊ असतं, सुईने भोक पसरतं, गॅस जास्त आणि हवा कमी होते, ज्योत पिवळी पडते आणि पुढे वर्षभर भांड्यांची बुडं घासताना घरची बाई त्या सुईवाल्याचं नाव घेते. आमच्या गावात निम्म्या शेगड्यांची ज्योत पिवळी आहे, आणि सुईवाला एकच आहे.

खरा रोग सापडला तो मोटार रिवाइंडिंगवाल्याला. विहिरींवरच्या मोटारी जाळायचा आमच्या शिवाराचा उत्साह दांडगा असल्याने हा माणूस गावातला सर्वांत व्यग्र माणूस आहे. त्याने नॉबमागचा तांब्याचा केसासारखा बारीक नळीवजा तुकडा सोडवला, टोकाला पेटती काडी धरली आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावलं.

“सर, हे थर्मोकपल हाय. गरम झालं की यातून लाइट येती, त्या लाइटवर आतलं चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. पंचवीस-तीस मिलिव्होल्ट पायजे, इथं पाच येतंय. सिंगल फेजवर मोटार चालवायला गेल्यावानी झालंय.”

मराठवाड्यात याहून सोपं कोणी सांगू शकत नाही. ज्योत विझली तर थर्मोकपल गार पडतं, चुंबक सुटतं आणि गॅस आपोआप बंद होतो. जिवाच्या सुरक्षेसाठीची ही सोय. आमचं थर्मोकपल म्हातारपणामुळे, जळती ज्योतसुद्धा विझलीच आहे असं धरून चालत होतं. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हा परिणाम १८२१ साली थॉमस योहान झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाला दिसला. शेजारची होकायंत्राची सुई हलली म्हणून त्याला मात्र वाटलं की ही उष्णतेतून आलेली चुंबकाचीच करामत. म्हणजे निदान चुकवण्याची परंपरा आमच्या ओसरीपेक्षा जुनी आहे.

आता फक्त तो तुकडा आणायचा होता. वीतभर वस्तू, वजनाने बांगडीएवढी. आणि इथे मला आमच्या भूगोलातली थट्टा कळली. करमाडहून थोड्याच अंतरावर, शेंद्र्यात, २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. चेक देशातून मोटारीचे सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे येत आणि इथे जोडून अख्खी ऑक्टाव्हिया बाहेर पडे. अर्ध्या जगाचे सुटे भाग आमच्या वेशीपर्यंत येतात. एक थर्मोकपल तेवढं येत नाही.

शहरात गुलमंडीपासून शहागंजपर्यंत हिंडलो. साध्या शेगडीचं काहीही मागा, दुकानदार मान न वळवता हात मागे घालून काढून देतो. पितळी बर्नर हातावर तोलून दाखवतो, नॉबची माळच्या माळ पुढे टाकतो, जाळ्या तर दारातच टांगलेल्या. माझा तुकडा मात्र प्रत्येकाने उजेडात धरला, वास घेतला आणि परत केला. शहागंजच्या एका वृद्ध चाचांनी चष्मा चढवून निकाल दिला, “मास्टरसाब, ये तो बडे लोगां का सामान है. ये इधर नै मिलेंगा. तुम चूल्हा ले लेव.” आणि त्यांनी खरोखर दोन बर्नरची एक शेगडी पुढे सरकवली.

शेवटी भाचा मदतीला धावला. तो शेंद्र्यातच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर केसाच्या जाडीच्या फरकावरून लोकांचे पार्ट नापास करतो. त्याने मोबाइलवर थर्मोकपल शोधलं. मी म्हटलं, जुनं मोजून घे. तो म्हणाला, “मामा, याचं माप काय मोजायचं, सगळीकडे सारखंच असतं.” पार्ट आला. आमच्या ओव्हनचे आटे ८ मिलिमीटरचे, आलेल्या पार्टचे ९. कारखान्यात मायक्रोमीटर आणि मामाच्या घरी अंदाजपंचे, अशी आपल्या अभियंत्यांची विभागणी असते. तो पार्ट समितीने हातोहात फिरवला. एकाने टेफ्लॉनची टेप गुंडाळून बसवू म्हटलं, लेथवाला आटे पाडून देतो म्हणाला. सौभाग्यवतींनी आतून एवढंच विचारलं, “घर कोणाचं उडणार आहे?” समिती उठली.

थर्मोकपल मिळालं ते मुकुंदवाडीच्या त्याच बेकरीत. सौभाग्यवती बाकीच्या फराळाचा डबा घेऊन नाइलाजाने तिथे गेल्या होत्या. भट्टी जाऊन आता तिथे गॅसचा मोठा ओव्हन आला आहे, आणि तो उघडून कारागीर आत काहीतरी बसवत होता. यांनी पर्समधून आमचा जुना तुकडा काढून विचारलं, “हेच का हो?” शहागंज पालथं घालताना मी ती पर्स नुसती सांभाळली असती तरी चाललं असतं. मालकाने हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या माणसाला फोन लावला, माप सांगितलं, लांबी सांगितली, आणि मग आवाज उतरवून विचारलं, “वहिनी, म्हणजे पुढच्या दिवाळीपासून तुम्ही येणार नाही?” वहिनी म्हणाल्या, “येईन की. तुमच्या खारीला तोड नाही.” घरी आल्यावर मात्र त्यांनी खारीची कृती शोधायला घेतली.

बसवायला फारसं काही लागलं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, दारं-खिडक्या उघडल्या. आपला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून उंबऱ्याशी बिडी ओढत बसलेल्या अण्णांना रस्त्यापलीकडे पाठवलं. टोक नेमकं ज्योतीत येईल असं बसवलं, नट हाताने आवळून पान्ह्याने पाव वेढा दिला. गॅसची नळी मधे हलवली होती, म्हणून रेग्युलेटर परत लावून तिच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. बुडबुडा आला नाही. रिवाइंडिंगवाल्याने नॉब दाबला, काडी लावली, मनात काही पुटपुटला आणि हात काढला. ज्योत राहिली. अण्णा रस्त्यापलीकडून ओरडले, “सोडलं का?” सोडलं म्हटल्यावर त्यांनी बिडी पेटवली.

दिवाळीनंतर गल्लीत बातमी फिरली आणि रविवारी लोक आपापले ऐवज घेऊन येऊ लागले. कोणाची भरताची वांगी, कोणाच्या शेंगा. हे सगळं फुकट चालत असलं तरी सिलिंडरात १४.२ किलोच गॅस असतो, हे सौभाग्यवती दर रविवारी मला एकट्याला ऐकवतात. एकदा समोरच्या म्हाताऱ्या मावशी रोडगे घेऊन आल्या. गव्हाचं जाडंभरडं पीठ, आत पिठाचाच एक गोळा, शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजायची वस्तू. ओव्हनमध्ये ते सगळ्या बाजूंनी सारखे, सोनेरी झाले. कुठे डाग नाही, कुठे कच्चं नाही. मावशींनी एक फोडला, वांग्याच्या भाजीत बुडवून खाल्ला, बराच वेळ चावला.

“चांगले झाले मास्तर,” त्या म्हणाल्या. “पर धुराचा वास न्हाई. त्याचा काही पार्ट मिळत असंल तर बघा बरं शहागंजला.”