होतकरू कथाकार

होतकरू कथाकार दिवाळी अंकात आधी अनुक्रमणिका वाचतो. आपलं नाव नाही याची खात्री झाली की ज्यांची आहेत त्यांच्या कथांचे शेवटचे परिच्छेद चाळून ‘हे छापतात तरी कसं?’ असा निकाल देतो. जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह उशाशी असतो. खूण पहिल्याच कथेत, तीही जुनी.

लिहितो मात्र अंकांची मुदत संपता संपता. पहिला खर्डा हाच शेवटचा, कारण पुनर्लेखनाने म्हणे उत्स्फूर्तता जाते. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन भल्याभल्यांना कथा पुन्हा लिहायला लावत, हे तो मोठ्या आदराने सांगतो. त्यालाच कुणी ‘शेवट बदलून पाहा’ म्हटलं, की त्या संपादकाला कथेतलं ओ की ठो कळत नाही!

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, हे एका परीने त्याच्या पथ्यावरच पडलं. आपली कथा तिथेच शोभली असती, असं आता बिनधोक म्हणता येतं. ‘साभार परत’चे लखोटेही गेले. हल्ली ईमेलला उत्तरच येत नाही. म्हणजे कथा विचाराधीन आहे, असं धरून तो तीच आणखी चार ठिकाणी पाठवतो. आणि चौघांनीही छापली तर काय करायचं, या काळजीने जागतो.