तेल लावलेला प्रेक्षक

नातेपुत्यात टेनिस माहीत नाही, असं कुणी म्हणू नये. दिवाळी झाली की माळावर ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धे’चे फ्लेक्स लागतात. त्यावर प्रमुख पाहुण्यांचे फोटो कप्तानाच्या फोटोपेक्षा मोठे असतात. शेवटच्या षटकात बॉल उभ्या उसात गेला की दोन्ही संघ मिळून पाचट तुडवत शोधायला निघतात. त्यामुळे २०१९ च्या जानेवारीत मी दुकानाचं शटर ओढून ‘टेनिसची फायनल बघायला पुण्याला चाललोय’ असं शेजारच्या रसवंतीवाल्याला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलेले प्रश्न अगदी रास्त होते.

“किती ओव्हरची हाय?”

“त्यात ओव्हर नसतात.”

“मग पहिलं बक्षीस?”

“लाखात असेल. डॉलरमध्ये देतात.”

“आन् वाढदिवस कुणाचा?”

वाढदिवस कुणाचाच नाही म्हटल्यावर स्पर्धेवरचा त्याचा विश्वासच उडाला.

आता टेनिस आणि मी यांचा संबंध काय, तर केस. माझं दुकान जनरल आणि कटलरीचं. म्हणजे टिकल्या, बांगड्या, रिबिनी, आणि त्याहून जास्त डोक्याचा माल. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की मी आधी डोकं बघतो, मग तोंड. कोण खोबरेलवालं, कोण बदामवालं, कोण मेंदीचं पाकीट ‘घरच्यांसाठी’ म्हणून नेतंय आणि स्वतःच्याच मिशीला लावतंय, हे मला न विचारता कळतं. उन्हाळ्यात लाल थंड तेल, लग्नसराईत डाय, आणि आषाढीच्या वारीत पुड्या. माउलींची पालखी फलटण, बरड करत आमच्याकडे मुक्कामाला येते. आदल्या दिवशीच मी शाम्पूच्या लडी दारावर टांगतो. पालखी दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरच्या रिंगणाकडे हलेपर्यंत दोरीला पुड्यांच्या नुसत्या फाटलेल्या कडा राहिलेल्या असतात. शाम्पू पुडीत भरायची युक्ती तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. पुढे १९८३ मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ काढला आणि शाम्पू खेड्यापाड्यात पोचवला. ह्या बापलेकांनी आमच्यासारख्या दुकानदारांचे जे कल्याण केले आहे, त्यासाठी एखादा फ्लेक्स लावायला हरकत नाही.

तर केसांमुळे मी टेनिसकडे वळलो आणि वळवणारा होता आंद्रे आगासी. दूरदर्शनवर विम्बल्डनची फायनल दाखवायचे त्या काळात, १९९२ साली, तो इव्हानिसेविचला हरवून जिंकला. आमच्या घरात त्या दिवशी फोरहँड कुणालाच कळला नाही, सगळे केस बघत होते. पांढऱ्या कपड्यांत आणि पांढऱ्या टोपीत तो केसांचा झुपका मागे नुसता उसळत होता. आठवडाभर पोरं दुकानात येऊन ‘त्या टेनिसवाल्यासारखे व्हायला काय लावू?’ म्हणून विचारत होती. मी जे शिल्लक होतं ते दिलं.

खरी गंमत कळली ती २००९ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं तेव्हा. गडी ऐन विशीत टोप लावून खेळत होता! १९९० ची फ्रेंच ओपन फायनल, त्याची पहिलीच मोठी फायनल, समोर इक्वेडोरचा आंद्रेस गोमेझ. आणि आदल्या रात्री अंघोळ करताना हा टोप हातात सुटा व्हायला लागला. कारण काय, तर चुकीचं कंडिशनर! मग भाऊ फिली मदतीला आला, दोघांनी मिळून पिना लावून लावून तो कसाबसा डोक्यावर थांबवला. फायनलच्या आधी आगासीने देवाला हात जोडले ते विजयासाठी नाही, तर टोप पडू नये म्हणून. देवाने ऐकलं. टोप राहिला, फायनल गेली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. विजेता कोण ठरणार हे रॅकेटवर नाही, प्रशिक्षकावर नाही, कंडिशनरच्या बाटलीवर ठरलं! तेव्हापासून माझ्या दुकानात कुणी कंडिशनर मागितलं की मी एकदा विचारतो, “केस स्वतःचेच ना?” काही जणींनी त्यामुळे दुकान बदललं. पण जबाबदारी ती जबाबदारी. पुढे आगासीने १९९४ च्या शेवटी डोकं साफ भादरलं आणि लगेच जानेवारीत सँप्रसला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हा निकाल फारच वाईट. टकलाला माणूस काय घेणार? फार तर पंचा.

आता पुण्याच्या फायनलकडे. माझा भाचा हिंजवडीला कंपनीत. बालेवाडीचं क्रीडासंकुल त्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये ‘महाराष्ट्र ओपन’ होऊन तिथे आली होती आणि पहिल्या वर्षी जील सिमाँने केव्हिन अँडरसनला हरवून ती जिंकली होती. दुसऱ्या वर्षी भाच्याने मला तिकीट काढलं. तिकिटामागे त्याचा स्वार्थ होता. त्याचे केस गळत होते आणि त्याला मामीच्या हातचं माक्याचं तेल हवं होतं. हिंजवडीत ज्याचे केस गळत नाहीत त्याने अजून नोकरी धरलेली नाही, असं समजावं. सगळे पाण्याला शिव्या देतात. पाणी जड असतं हे खरं, पण जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांवर बसतो, हाही भाग आहे. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस तसा चोथा धरत नाही. आमच्या बोअरचं पाणी काही अमृत नाही, तरी आज्यांच्या वेण्या कंबरेखाली उतरल्या त्या यामुळे. खोबरेलाचंही असंच. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसाची झीज कमी करतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पण तेलाने टकलावर केस उगवत नाहीत. हे वाक्य मी दुकानात बोलत नाही.

माक्याचं तेल म्हणजे आमच्या घरचा कारखाना. कालव्याकाठी जिथे ओल असते तिथे माका आपोआप उगवतो. बारीक पांढरी फुलं, पान चुरगळलं की बोटं काळी. हिने तो निवडून, धुऊन, सावलीत कोमेजवायचा. मग लोखंडी कढईत खोबरेल, त्यात वाटलेला माका, आवळा, जास्वंदीची पानं. गॅस बारीक. सुरुवातीला कढईत नुसता गदारोळ असतो. तासाभराने आवाज कमी होतो, पानं कडक होऊन वर येतात. तडतड पूर्ण थांबली म्हणजे पाण्याचा अंश गेला, तेव्हाच उतरवायचं. आधी उतरवलं तर पंधरा दिवसांत बुरशी, नंतर उतरवलं तर करपट वास. ही वेळ हिला कानाने कळते, त्या वेळी घरात कुणी टीव्ही लावायचा नाही. टेनिसच्या पंचाइतकाच हिचा आवाजाला विरोध.

निघताना हिने एक बाटली भाच्यासाठी पिशवीत घातली आणि माझ्या डोक्यावरही पळीभर थापलं. “पुण्यात चार माणसांत बसणार. केस पिंजारलेले दिसायला नकोत.” फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड असं एसटीने निघालो, म्हणजे पालखीच्या वाटेने उलटा. जानेवारीतली पहाट, खिडकीची काच बसत नव्हती. खोबरेल चोवीस-एक अंशांच्या खाली गोठतं, माझ्या पिशवीतलं आणि डोक्यावरचं दोन्ही गोठलं.

त्याचा उपयोग बालेवाडीच्या गेटवर झाला. रखवालदाराने पिशवी उघडली, बाटली काढली. “काका, पातळ काही आत नेता येत नाही.” मी म्हटलं, “पातळ असेल तर ठेवून घ्या.” त्याने बाटली उलटी केली. थेंब नाही. हलवली, बुडावर टिचकी मारली. आत काळपट हिरवा गोळा जागचा हलेना. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानेही टिचकी मारली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. नियमात बसत होती.

टेनिस बघणाऱ्याला खेळ जेवढा दिसतो त्याहून जास्त समोरच्या रांगेतली डोकी दिसतात. टीव्हीवर ही सोय नाही. इथे माझं शिक्षण कामी आलं. डावीकडे केराटिन केलेले, एका महिन्यातले. त्यापुढे सरळ करून आणलेले, पण मुळाशी कुरळे परत डोकं काढतायत. एका गृहस्थांची डाय कानाच्या पाळीवर उतरलेली. तरुण पोरांचे केस जेल लावून असे उभे, की वारा आला तरी त्यांनी दखल घेऊ नये. आणि ही सगळी डोकी टेबलफॅनसारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरणार, असं भाच्याने मला सांगून ठेवलं होतं.

पण फायनल होती केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांची. एक २०३ सेंटीमीटर, दुसरा २११. दोघे मिळून चार मीटरच्या वर. कार्लोविच चाळिशीला टेकलेला, एकोणचाळीस वर्षांचा. १९७७ मध्ये केन रोझवॉल खेळला, त्यानंतर एवढ्या वयाचा माणूस एटीपीच्या फायनलला आला नव्हता. ह्या दोघांची सर्व्हिस अशी, की बॉल पलीकडे गेला की परत येण्याचा प्रश्नच नाही. प्रेक्षकांची मान एका बाजूला गेली की तिथेच थांबायची. पंखा अडकला. पहिला सेट टायब्रेकर. दुसरा सेट टायब्रेकर. तिसराही त्याच वाटेने निघाला. रॅलीच नाही म्हटल्यावर मला डोकी वाचायला भरपूर वेळ मिळाला.

एव्हाना दिवसभराच्या उन्हाने माझ्या डोक्यावरचं तेल पाघळून कॉलरपर्यंत आलं होतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई दोनदा मागे वळल्या. पांढरे शुभ्र आखूड केस, अजिबात डाय नाही, चष्म्याला साखळी. तिसऱ्यांदा वळल्या तेव्हा मी म्हटलं, आता ऐकावं लागणार.

“अहो, माका का?” त्या पुटपुटल्या.

“हो.”

“तरीच. आमची आजी करायची वाईला. जास्वंदीची पानं घालता की फुलं?”

“पानं. फुलांनी रंग येतो, पण—”

“मामा, शू!” भाचा.

खाली तिसऱ्या सेटचा टायब्रेकर सुरू झाला होता. सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं. बाईंचं तोंड कोर्टाकडे, कान माझ्याकडे. सर्व्हिस झाली, टाळ्या पडल्या, तेवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, “आणि उतरवायचं कधी?” मी पुढच्या टाळ्यांची वाट बघितली. असा आमचा टायब्रेकर खालच्याला समांतर चालला होता. त्यांनी आवळा ताजा की वाळका विचारलं, मी ताजा म्हटलं, अँडरसनचा गुण. त्यांनी लोखंडाची कढई का पितळेची विचारलं, कार्लोविचचा गुण. शेवटी मी जरा मोठ्याने म्हणालो, “तडतड थांबली की!” आणि त्याच क्षणी सगळे उठून उभे राहिले. अँडरसन जिंकला होता. भाचा अजून म्हणतो, मॅच पॉइंट मामाने पाहिला नाही. पण तो बाईंनीही पाहिला नाही, आणि त्या पुण्याच्या.

रोहन बोपण्णाने त्या स्पर्धेत दिविज शरणबरोबर दुहेरीचं विजेतेपद घेतलं. त्याच्या दाढीत पांढरं डोकावतंय हे मला लांबूनही दिसतं. तो काही डायवाल्यांचं गिऱ्हाईक नव्हे. पाच वर्षांनी, २०२४ च्या जानेवारीत, त्याने त्रेचाळिसाव्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. आमच्या गावात चाळिशी गाठलेली मंडळी काळ्या मेंदीचं पाकीट घ्यायला संध्याकाळी अंधार पडल्यावर येतात, त्यांना मी त्याचं नाव सांगतो. ते ऐकून घेतात आणि पाकीट घेऊन जातात. सुट्टे पैसेही परत मागतात.

महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर झाली नाही. पुण्यात नंतर चॅलेंजर दर्जाच्या स्पर्धा झाल्या, पण मला आता तिकिटाची वाट बघावी लागत नाही. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी भाच्याकडून नंबर घेतला. वर्षातून दोनदा एसटीच्या पार्सलने बाटल्या जातात. त्यांच्या सोसायटीतल्या मैत्रिणींच्याही जातात. बाटलीवर लेबल नाही, किंमत ही ठरवते, आणि उन्हाळ्यात पाघळत असल्यामुळे पार्सल फक्त हिवाळ्यात स्वीकारलं जाईल, हा नियमही हिचाच.

भाच्याचे केस मात्र ह्या सगळ्यातून वाचले नाहीत. २०२५ च्या यूएस ओपनच्या आधी अल्काराझच्या भावाने मशीन चुकीचं फिरवलं आणि शेवटी सगळंच डोकं भादरावं लागलं. तशा डोक्याने अल्काराझ अंतिम सामन्यात सिनरला हरवून जिंकला. दुसऱ्याच आठवड्यात भाचा गुळगुळीत होऊन नातेपुत्याला आला. “मामा, सुटलो बघ. आता तेल नको, शाम्पू नको, काही नको.”

हिने कढई खाली उतरवली, पळी भरली आणि त्याला पाटावर बसवलं. “बस खाली. मोकळं रान मिळालंय, आता कुठे नीट मुरेल.”