उभ्या बाजारातली उधारी हार्वर्डात

बोस्टन,
तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार

अहो,



व्हिडिओ कॉलवर तुमचं फक्त कपाळ दिसतं आणि वर फिरणारा पंखा. त्यामुळे महत्त्वाचं काय ते लिहूनच कळवायचं ठरवलं. बाबूच्या ओळखीचं एक कुटुंब सुट्टीला मोपाच्या विमानतळावर उतरतंय, त्यांच्या हाती हे पत्र आणि नातवाचे फोटो देते आहे. परत येताना त्यांच्याकडे आगळाची बाटली द्या. बूच घट्ट लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून. मी आणलेली बाटली बॅगेत फुटली आणि बाबूचे मुलाखतीला घालायचे सगळे पांढरे शर्ट आता सोलकढीच्या रंगाचे आहेत.

मी निघाले तेव्हा तुम्ही बाबूबद्दल म्हणाला होता, "धंदो शिकाक थंय कित्याक जावक व्हया? माझ्या गल्ल्यार बसव, दोन वर्सांत सगळा शिकतलो." मी गप्प राहिले, कारण फीचा आकडा मला ठाऊक होता आणि तुम्हाला नव्हता. वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या वर. गुणाकार करू नका, रक्तदाबाची गोळी घ्या आणि पुढे वाचा.

चार्ल्स नावाची नदी आहे. पलीकडे केंब्रिजात मूळ हार्वर्ड आणि अलीकडे, बोस्टनच्या हद्दीत, हे बाबूचं, धंदा शिकवणारं. १९०८ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरापेक्षा पन्नासेक वर्षांनी लहान. हे मी इथे दोघातिघांना सांगितलं, त्यांनी माना हलवल्या. २०२१ पासून इथले डीन श्रीकांत दातार आहेत. मुंबई विद्यापीठ, मग अहमदाबादचं आयआयएम, मग अमेरिका. दातार म्हटल्यावर मी लगेच गाव विचारलं. बाबू म्हणाला, "आई, डीनचं गाव विचारत नाहीत." का विचारत नाहीत, हे मात्र तो सांगू शकला नाही. नदीकाठी टाटा हॉल नावाची मोठी इमारत आहे. टाटांनी २०१० मध्ये पाच कोटी डॉलर दिले, त्यातून ती उभी राहिली. रतन टाटा स्वतः १९७५ मध्ये इथे एक अभ्यासक्रम करून गेले होते. ते नाव वाचून मला आधी मीठ आठवलं, मग चहा, मग आपल्या दुकानासमोर दोन तास अडकलेला ट्रक.

आवारात एक गोल प्रार्थनामंदिरही आहे, सर्व धर्मांना खुलं. आत बाग, पाणी आणि पाण्यात लाल-पांढरे कोई मासे, चांगले कोपराएवढे. मुलं परीक्षेच्या आधी तिथे ध्यानाला बसतात. मीही बसले. माझं ध्यान सगळं माशांवर. तिरफळं घालून तिकलं करावं की नुसतं तळावं, एवढा विचार होईतो बाबूने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

नातू तुमच्यासारखा आहे: खातो, झोपतो आणि मध्येच ओरडतो. सूनबाईला इथे कामाची परवानगी नाही, पण ती कुठल्याशा वर्गाला बसते, त्या वेळात तो माझ्याकडे. बाबू रात्री तीन-तीन 'केस' वाचतो. केस म्हणजे कोर्टातली नव्हे. कुठल्या तरी खऱ्या धंद्याची वीसेक पानांची हकिगत, आणि ती नेमकी अडचणीच्या जागी सोडून दिलेली. पुढे काय करायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. दोन वर्षांत अशा पाचशेच्या आसपास. सकाळी सहा-सात जणांचा गट जमतो, आपापसांत भांडतो आणि मग वर्गात जाऊन नव्वद जणांशी भांडतो.

वर्गात पाहुणे नेता येतात, म्हणून बाबूने एक दिवस मलाही नेलं. निळी इरकल नेसले होते. अर्धगोलात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बाकं, प्रत्येकासमोर नावाची पाटी. सुरुवातीला पाहुण्यांची ओळख करून देतात. मी उभी राहिले तर नव्वद जणांनी टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या माझ्या निरोप समारंभाला एवढ्या वाजल्या नव्हत्या, आणि तिथे तर भजी होती.

जन्मभर वर्गात 'गप्प बसा' म्हणत आलेल्या बाईला इथलं पाहून घेरी यायची. इथे बोलण्याला गुण आहेत, पुष्कळ विषयांत जवळजवळ निम्मे! आणि मास्तर काही सांगतच नाही. नुसतं विचारतो. बटण दाबलं की फळा वर सरकतो, मागून दुसरा येतो. मला फक्त त्या फळ्यांचा हेवा वाटला. तास सुरू झाला की कुणालाही अचानक उठवतात: तू सांग, तू काय करशील? हा चक्क दशावतार आहे हो. आख्यान सगळ्यांना ठाऊक, पण संवाद कुणीच लिहून दिलेले नाहीत. उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं आणि समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. फक्त इथे संकासुर कोण, हे तास संपेपर्यंत कळत नाही.

त्या दिवशीची केस कुठली असेल? मुंबईचे डबेवाले! इथल्याच स्टीफन थॉमके नावाच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये ती लिहिली आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं इथपासून झाकणावरच्या रंगीत खुणांपर्यंत सगळं त्यात आहे. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं, पंचवीस-तीस जणांची टोळी, वर मुकादम आणि प्रत्येक जण भागीदार. मास्तरांनी पहिल्यांदा उठवलं एका कोरियाच्या मुलाला, ज्याने जन्मात डबा पाहिलेला नाही. "तू दादरचा मुकादम आहेस, गाडी उशिरा आली. बोल." पोरगं घामाघूम! पण सावरलं. म्हणालं, प्रत्येक टोळीत दोन-तीन माणसं जादा ठेवतात ती याचसाठी, मी त्यांना पुढे काढीन. मी मनात पैकीच्या पैकी दिले.

मग सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं माप, सुरू झालं. फोर्ब्स मासिकाने १९९८ मध्ये कौतुक केल्यापासून लाखो डब्यांत एखादीच चूक होते, असं जग सांगत आलंय. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, की ही चूक मोजली कुणी? वर्गात एकदम चुळबुळ. दुसरा म्हणाला, केस २०१० ची, २०२० मध्ये लोकल बंद पडल्या आणि डबेही. गाडीच नसेल तर ही व्यवस्था कशावर उभी राहणार? मला ही मुलं आवडायला लागली. आपल्याकडे डबेवाल्यांचं नाव निघालं की छाती फुगते आणि विचारायचं राहून जातं.

पण खरा तास जिंकला तो साओ पावलोच्या एका मुलीने. ब्राझीलची. ती उठून म्हणाली, "पाच हजार माणसांचा हिशेब मांडलात, पण डबा भरणारी बाई या पानांत कुठे आहे? तिला ओट्याशी उशीर झाला तर सगळी सिक्स सिग्मा तिथेच संपली." मास्तर दोन क्षण थांबले आणि नव्या फळ्यावर मधोमध एक चौकोन काढून आत प्रश्नचिन्ह घातलं. मला हात वर करायचा होता. पाहुण्यांनी करायचा नसतो म्हणून धरून ठेवला.

तास सुटल्यावर त्या मुलीला जेवणघरात गाठलं. या संस्थेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पहिल्या बायका आल्या त्या १९६३ मध्ये, अवघ्या आठ. आज ही पोर बिनधास्त उठून मास्तरांना थांबवते! तिची आई बांधकामावरच्या मजुरांसाठी घरी जेवण करून डबे विकते. त्या डब्याला तिकडे 'मार्मिता' म्हणतात. त्या डब्यांवर ही शिकली. मी तिला तुमच्या थोरल्या काकांची गोष्ट सांगितली (इंग्रजी माझं, दुरुस्त्या बाबूच्या). काका लालबागला गिरणीत, बायकापोरं गावी, खोलीत वीस जण पाळीपाळीने झोपणार. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे कुणाचं तरी घरच. एक बाई दहा-पंधरा, कधी वीस जणांना दोन वेळा जेवू घालायची, तेही उधारीवर, कारण पगार महिन्याने. तोवर वाणसामान तिने कुठून आणायचं? वाण्याकडून नाहीतर सावकाराकडून, सांगतील त्या व्याजाने. म्हणजे गिरणीमालक पगार महिनाभर उशिरा देणार आणि तो महिना पेलायची ती चुलीपुढची बाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे तो फास सैल झाला.

ती पोर खाणं सोडून ऐकत होती. प्रेमाताईंचं नाव तिने वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. मग म्हणाली, "माझ्या आईलाही बांधकामावरचे मुकादम आठवड्याने पैसे देतात. पावसाचा आठवडा असला तर दोन आठवड्यांनी." आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही. बाबूला वाटलं त्याचं भाषांतर चुकलं.

आता तुमच्या कामाचं. नीट वाचा.

गेल्या रविवारी बाबूचा सकाळचा गट इथे घरी घावने खायला आला, सोबत ब्राझीलची पोरही. ती म्हणाली, कसाव्याच्या पिठाचं असंच आमच्याकडे करतात, आणि सरळ तव्याचा ताबा घेतला. खाता खाता बाबू बोलून गेला, की माझ्या वडिलांचं सावंतवाडीत उभ्या बाजारात किराणा दुकान आहे आणि त्यांची उधारीची वही मनुस्मृतीपेक्षा जाड आहे. झालं. सगळ्यांनी हात धुतले आणि तुमची केस सुरू.

एक शिकागोचा मुलगा आहे, आधी सल्लागार कंपनीत होता. त्याने लॅपटॉप उघडला. एकूण येणं किती? बाबूने एक आकडा सांगितला, मी दुप्पट करून दिला. व्याज किती? शून्य. किती दिवसांनी येतात? मी म्हटलं, गणपतीला नेतात, काजू विकले गेले की देतात. त्याने मोजलं: सहा-सात महिने. मग अत्यंत आदराने म्हणाला, "मॅडम, हे दुकान नाही, बँक आहे. आणि व्याज न घेणारी बँक बुडते." उधारी उद्यापासून बंद, असा त्याचा निकाल.

त्यावर लागोसचा मुलगा असा उसळला की चटणीची वाटी सांडली. त्याची मावशी तिथल्या बलोगुन बाजारात कापड विकते. तो म्हणाला, शहरात मोठी चकचकीत दुकानं आली तरी गिऱ्हाईक तुमच्या पायरीवर का चढतं? साखर तुमची गोड आहे म्हणून? ते वहीसाठी चढतं. वही बंद केलीत तर उरते ती फक्त साखर, आणि साखर कुणीही विकतो. शिकागो म्हणाला, मग भावात व्याज धरा. लागोस म्हणाला, ते आधीच धरलेलं असणार, विचार त्यांना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घावन उलटायला उठले.

बाबूने मध्येच मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचं काढलं. त्याचीही इथे जुनी केस आहे. डॉक्टर वेंकटस्वामींची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तशा हातांनी ते मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकले आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांवर दवाखाना काढला. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, त्यावर गरिबांचे डोळे फुकट होतात. म्हणजे आमचे रोखीवाले उधारीवाल्यांना पोसतात, असं बाबूचं म्हणणं. मला विचाराल तर हा त्याने तुमच्या हट्टाला दिलेला सोन्याचा मुलामा आहे. वेंकटस्वामींनी हिशेब ठेवला होता.

शेवटी पुन्हा तीच पोर. तव्यावरून मान न वळवता विचारते, "वसुलीला कोण जातं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. निम्मे उधारीवाले माझ्या हाताखालून गेलेले. मी बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारते. काही बोलत नाही, नुसती बघते. संध्याकाळपर्यंत तीन-चार जण दुकानात येऊन पैसे ठेवून जातात.

टेबलावर शांतता. मग शिकागोच्या मुलाने टाइप केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "धोका क्रमांक एक. वसुलीची संपूर्ण यंत्रणा सध्या परदेशात आहे."

तर सगळ्यांचं एकमत एवढ्यावरच झालं की उधारी असू दे, पण किती द्यायची याची सीमा हवी आणि ती वही दुसऱ्या कुणी तरी वाचायला हवी. मी परत येईपर्यंत नवीन नाव लिहू नका. जुन्यांपैकी ज्यांच्याकडे काजूची बाग आहे त्यांची वेगळी यादी करा, त्यांचे येतील. ज्यांच्याकडे फक्त गोड बोलणं आहे त्यांची वेगळी करा. पहिल्या यादीत भाऊबंद घालू नका.

आणि वहीच्या पानांचे फोटो शेजारच्या मुलाकडून काढून बाबूला पाठवा. पुढच्या रविवारी गट पुन्हा जमणार आहे, लागोसच्या मुलाने स्वतःहून मटणाचा रस्सा करायचं कबूल केलंय आणि तो खऱ्या आकड्यांसाठी अडून बसलाय. शेवटच्या पानाचा फोटो मात्र काढू नका. तिथे माझ्या भावाचं नाव आहे.

तुमची,
सौ.