मागचा चेहरा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये शाळा सुटायच्या वेळेला एका गाडीवर तिघं पोट्टे बसलेले दिसले, तर ती गाडी निम्मी रिकामी समजावी. हेल्मेट असतं, नाही असं नाही. ते आरशाला लटकतं आणि वाटेतल्या खड्ड्यांची सगळी डोकेदुखी आरशालाच होते.

कायदा १८ वर्षांखाली गाडी देत नाही. सवलत एकच, १६ पूर्ण झाली की ५० सीसीपर्यंतची चालते. ही सवलत लूनाच्या मापाची. १९७२ साली आलेली लूना चढावर पेडल मारायला लावायची. आजच्या बापांचा हात तिच्यावरच बसला. पेट्रोलची लूना गेली, सवलत तेवढी उरली. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर पोरगा सापडला की बापाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. हे एका बापाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग बांधीवर डबा कोण नेईन?"

पण हेच पोट्टे चंद्रपूरच्या रस्त्याला लागून चिचपल्लीच्या जंगलात शिरले की पाहावेत. अंधारात एकट्यानं जायचं नाही. मध्येच थांबायचं नाही, लघवीला तर नाहीच नाही. यासाठी कोणी पावती फाडत नाही, तरी एकही नियम मोडत नाहीत. वाघाची भीती खोटीही नाही; या तालुक्यात गुरं राखायला, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परतलेली नाहीत. मात्र गाडीवाल्याला आडवं यायला रानडुक्कर पुरेसं असतं. बिचाऱ्या डुकराला वाघाची पत नाही. त्याच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी हेल्मेटही घालत नाही.

"हेल्मेट काहून घालत नाही बे?" मी एकाला विचारलं.

"काका, मागून वाघ आला तर आयकू कसा येईन?"

यावर मी सुंदरबनचा दाखला दिला. तिथं १९८०च्या दशकात मध आणि लाकडं आणायला जाणारी माणसं डोक्याच्या मागं मुखवटा बांधू लागली. वाघ पाठीमागून झडप घालतो. मागंही चेहरा दिसला की बिचकतो, हा हिशेब. म्हटलं, हेल्मेटच्या मागं चेहरा रंगवून घ्या.

पोट्टे एकदम गंभीर झाले. हेल्मेट घालायला कोणाचीच ना नव्हती, वाद चेहऱ्यावरून पेटला. एकाला पुष्पा पाहिजे होता. दुसरा म्हणाला, गणिताच्या सरांचा काढू, वाघ जंगल सोडून जाईन. तिसऱ्यानं किक मारली आणि तिघंही भांडत भांडतच गेले.